जंगलाकडची ताटी

लवकर येणारा हलका धान पिवळा पडायला लागला की आमच्या गावाची नजर बदलते. बोलता बोलता माणसांचे डोळे शिवाराच्या टोकाला असलेल्या काळ्या रेघेकडे जातात आणि परत येतात. ती रेघ म्हणजे जंगल. कुरखेड्याहून येणारी बस आम्हाला फाट्यावर सोडते. तिथून गाव, गावामागे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि शेवटच्या बांधीला लागून थेट साग, ऐन, बांबू. दोघांच्या मध्ये असतं फक्त कुंपण.

दोन-चार दिवसांत लोंब्या वाकल्या आहेत. सकाळी दव असेपर्यंत वाऱ्याला तो गोडसर, दुधाळ वास येतो. पिकत्या धानाच्या वासावर हळवं होऊन लिहिणाऱ्यांना मला एकदा आमच्या छपरीत आणून बसवायचं आहे. हा वास रानडुकरांनाही येतो. डुकरांच्या मागे मागे येणाऱ्यालाही येत असावा. आमच्याकडे या वासानं जीव सुखावत नाही, कान टवकारतात.

आणि यंदा या वासासोबत मला मागचा हंगाम आठवतो, रोशनच्या लॅपटॉपवर उभ्या राहिलेल्या कुंपणांसकट.

रोशन माझ्या बयनाआत्याचा मुलगा. नागपूरला कारखान्यात होता. काम सुटलं तसा कपड्यांची पिशवी आणि लॅपटॉप घेऊन घरी आला. संगणकावर शेती करण्याचा एक खेळ असतो. त्यात नांगरायचं, पेरायचं, कापायचं, ट्रॅक्टर फिरवायचा. खेळासोबत नकाशा घडवायचं एक साधनही मिळतं, त्यात आपल्याला हवं ते गाव उभं करता येतं. रोशननं आमचंच शिवार करायला घेतलं. वरून काढलेल्या फोटोवरून त्यानं जमीन उचलली, नाला खणला, बांध्या पाडल्या. मग कुंपणांची पाळी आली.

खेळातली तयार कुंपणं परदेशातली होती. पांढऱ्या फळ्या, चकचकीत लोखंडी फाटकं. ती लावल्यावर आमचं शिवार कुण्या साहेबाच्या बंगल्यामागच्या आवारासारखं दिसायला लागलं.

"काढ हे," मी म्हटलं. "कुंपण पाहून मालक कोण ते कळतं. हा मालक आपल्यातला नाही."

"ताई, तू याच्यावर पन पत्रक काढशीन," रोशन म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं बालपण पत्रकांत गेलं. बाबा जंगलहक्काच्या कामात होते. गडचिरोलीच्या छापखान्यातून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरी येत. त्यांवर मी बसले, त्यांवर झोपले, त्यांवरच्या जाड मथळ्यांवरून बोट फिरवत अक्षरं शिकले. 'अ' अननसाचा असतो हे शाळेत कळलं. त्याआधी तो 'अन्याया'चा होता. त्यामुळे कुठलीही रेघ दिसली की ती कुणी ओढली, हे आधी विचारायची मला खोड आहे. ती मोडावी असं मला वाटत नाही.

रोशननं पांढऱ्या फळ्या काढल्या आणि आमची कुपाटी बनवायला बसला. त्या साधनात कुंपण घालणं फार सोपं. जमिनीवर एक रेघ ओढायची, की तिच्यावर सारख्या अंतरानं खांब उभे राहतात, आपोआप, एका दमात. आमची खरी कुपाटी तशी नसते. पळसाचे खुंट, बोरीच्या काट्या, बांबूच्या कमच्या, कुठे मोडक्या खाटेची पाटी, कुठे फाटकं लुगडं. दर हंगामाला नव्यानं रचलेली. त्यामुळे रोशनला सरळ उभे राहिलेले खांब एकेक करून मुद्दाम वाकवावे लागले. कित्येक दिवस तो तेच करत होता. मी शेजारी बसून पाहायचे. सुंदर काम होतं. पण त्या नकाशातलं जंगल पाहिलं की मला कसंतरी व्हायचं. झाडं होती, सावल्या होत्या, पानं हलत होती. आत कुणीच नव्हतं. खेळणाऱ्याशिवाय त्या जगात दुसरा जीव नव्हता, आणि तरी सगळीकडे कुंपणं होती.

नकाशा बराचसा उभा झाल्यावर लोक बघायला आले. आत्याच्या छपरीत गर्दी झाली. शेवटच्या बांधीचे भुजंगभाऊ सगळ्यांत पुढे. जंगलाला लागून शेत त्यांचंच. त्यांनी पडद्याला नाक लावलं, आपल्या शेताच्या बांधाची रेघ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काऊन गा रोशन, माहा धुरा अंदर काऊन सरकवला?"

"भाऊ, वरून फोटो हाये तसाच ठेवला."

"वरून धुरा दिसते काय? खाली उतरून पाहा लागते. एक हात बाहेर घे."

"मंग बाजूवाल्याचा एक हात जाईन ना."

"थो कुठी पाहून राह्यला इथी? घे म्हनलं ना!"

छपरी हसली. रोशननं खरोखरच धुरा हातभर सरकवला, आणि भाऊ एवढे खूश झाले की आत्याला म्हणाले, "बयनाबाई, तुह्या पोरानं सातबाराच बदलवला वो."

आत्या मागे गवत सोलत बसली होती. या दिवसांत ती जंगलातून झाडूचं गवत आणते, घरी सोलून झाडू बांधते. हातातलं गवत तसंच घेऊन ती पुढे आली. पडदा नीट न्याहाळला.

"समदं केलं. आपली ताटी कुठी हाये?"

जंगलाकडच्या बाजूनं रोशननं एकच सलग रेघ ओढली होती. फोटोत तिथे झाडांचे शेंडेच शेंडे होते, खालची फट दिसलीच नव्हती.

ती फट म्हणजे आमच्या गावाचा दरवाजा. भुजंगभाऊंच्या कुपाटीत, जंगलाची पायवाट जिथे शिवारात उतरते तिथे, बांबूची एक ताटी आहे. तिच्या बाजूला सागाचा जुना खुंट. सकाळी जंगलात जाणारा माणूस आपल्या झाडाची एक डहाळी तोडतो आणि त्या खुंटाच्या भेगेत खोचून आत जातो. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. आत्याच्या घराची बोर, आमचा कडुनिंब, भाऊंच्या घरचा पळस. परत आलं की आपली डहाळी काढायची आणि फेकून द्यायची. संध्याकाळी खुंट रिकामा दिसला की ताटी बंद होते. एक जरी डहाळी उरली असेल तर ताटी उघडी राहते आणि चार माणसं हाका मारत आत जातात. हे कुणी सुरू केलं ते कुणाला ठाऊक नाही. कुठल्याही पत्रकात ते लिहिलेलं नाही. पण आमचं गाव एकमेकांची एवढी मोजदाद दुसरीकडे कुठेच ठेवत नाही.

रोशननं रेघ तोडली आणि मध्ये फाटक बसवलं. आत्यानं विचारलं, "बंद कोन करते हे?"

"कोनीबी. बटन दाबलं का बंद."

"अन अंदर मानूस असन तं?"

"तरीबी बंद होते, बाई. त्याले कसं समजन?"

तेवढ्यात रोशननं फाटक उघडून दाखवलं आणि आपला खेळातला माणूस चालवत नेला. फाटक सताड उघडं होतं आणि तो माणूस मधोमध अडकला. पाय हलत होते, पुढे सरकत नव्हता. रोशन म्हणाला, चूक राहिली आहे. फाटक हललं, पण त्याचा न दिसणारा अडसर जागीच राहिला.

"म्हनजे दिसत नाई, पन हाये?" आत्यानं विचारलं.

"हो."

तिनं भुजंगभाऊंकडे पाहिलं. भाऊ उठले, चप्पल शोधायला लागले. छपरीतलं हसू एकदम थांबलं. कारण तारेची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि तोवर ती उघडपणे कुणीच काढली नव्हती.

भाऊंनी त्या हंगामात कुपाटीच्या बाहेरून तार ओढली होती. अंधार पडायला लागला की मोटरच्या खोलीतून तिच्यात वीज सोडायची, सकाळी काढायची. हे कायद्यानं गुन्हा आहे आणि माणुसकीनंही. मी तसं लिहिलं, छापलं, घरोघर वाटलं. एक प्रत भाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली. मग म्हणाले, "पोरी, बरोबर लिवलं तू. पन तुह्या कागदानं डुक्कर थांबत असन तं सांग. धुऱ्यावर कागदच लावतो."

आणि लावले. उरलेला गठ्ठा माझ्याकडून मागून नेला आणि दोरीला बांधून कुपाटीभर टांगला. माझे गुलाबी कागद वाऱ्यावर फडफडत होते, 'तारेत वीज सोडू नका', आणि त्यांच्याच खाली ती तार. गावातली पोरं हसून हसून लोळली. थोडे दिवस डुकरं खरंच बुजली, मग त्यांनाही कागदांची सवय झाली.

राग येत होता मला. अजूनही येतो. पण भाऊंवर तो नीट चालत नाही. पूर्वी ते शेतावर जागलीला जायचे. मचाणासारखा माळा, त्याच्याखाली शेकोटी, डबा वाजवणं, लांबच्या माळ्यावरून कुणाची तरी हाळी. मग वाघ माळ्याच्या खाली येऊन बसायला लागला. एकदा सकाळी शेकोटीच्या राखेत पंजा उमटलेला दिसला. त्यानंतर जागलीला जा असं भाऊंना कुणी म्हटलं नाही, भाऊंच्या बायकोनं तर शपथच घातली. माळा अजून उभा आहे, एका अंगावर कललेला. माणूस हटला आणि त्याच्या जागी तार आली. माणसाला जागं ठेवता येत नाही म्हणून त्याच्या जागी न झोपणारा मृत्यू बसवायचा, हा हिशोब एकट्या भाऊंनी मांडलेला नाही. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे आणि शेताची राखण ज्यांच्या कागदावर आहे, त्या सगळ्यांनी मिळून तो मांडला आणि बटणापाशी भाऊंना उभं केलं.

सकाळी तारेखाली काहीबाही सापडायचं. मुंगूस, ससा, एकदा उदमांजर. कावळे आधी कळवायचे. एका सकाळी डुक्कर सापडलं, मोठं. ते गावात वाटलं गेलं. त्या दिवशी प्रत्येक चुलीवर तोच वास होता आणि रस्त्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमच्या घरी आलेला वाटा बाबांनी दारातूनच परत पाठवला. पण परत पाठवल्यानं वास थांबत नाही. ज्या गावानं ते मटण खाल्लं ते तार काढा म्हणणार नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग ती संध्याकाळ.

आत्या सकाळी एकटीच गवताला गेली होती. बोरीची डहाळी खोचून गेली. त्या दिवशी भाऊ ताटीजवळ धुऱ्याचं गवत कापत होते आणि त्यांनी आपली बकरी तिथेच बांधली होती. सूर्य खाली गेला. भाऊंनी खुंट पाहिला, भेग रिकामी होती. त्यांनी ताटी लावली, तारेचा फासा ताटीवरून ओढून अडकवला, मोटरच्या खोलीत गेले आणि बटण दाबलं. रोज करतात तसंच. खुंट रिकामा म्हणजे गाव घरात, यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी शंका घेतलेली नाही. बकरीच्या तोंडाशी कुणी कशाला बघेल?

आत्या डोक्यावर ओल्या गवताचा भारा घेऊन वाटेनं उतरली. ताटी बंद दिसली. उशीर झाला की कधी कधी कुणी ती नुसती लोटून ठेवतं, बाहेरून ढकलली की उघडते. ढकलायला हात पुढे करायच्या आधी तिनं सवयीनं खुंटाकडे पाहिलं, आपली डहाळी काढायला.

डहाळी नव्हती.

पुढचं तिनं आम्हाला चुलीपाशी बसून सांगितलं, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. "मी अंदर, अन माही डहाळी नाई. म्हटलं, मले कोनी घरी पोचवलं बापा? कोनाच्या तरी हिशोबात मी घरी जाऊन बसली होती. मंग हात मागं घेतला. भारा टाकला. अन हुबी राह्यली."

भाऱ्यातल्या गवताचं एक ओलं पातं तारेला लागलं आणि तडतडलं. मागे, बांबूच्या बेटाकडे, चितळ ओरडायला लागलं. चितळ तसं उगाच ओरडत नाही. पुढे तार, मागे ते ओरडणं. आत्यानं हाका मारल्या. गावात तेव्हा दिवाबत्ती आणि टीव्ही सुरू झाले होते. रोशन छपरीत बसून नकाशातल्या फाटकाचा तो न दिसणारा अडसर दुरुस्त करत होता. त्यालाच आईचा आवाज आधी ऐकू आला. तो धावला तो थेट मोटरच्या खोलीकडे. बटण बंद झालं तेव्हा भुजंगभाऊ दारात उभे होते.

खुंटाच्या भेगेत, पार आत, बोरीचं एक चावलेलं देठ तेवढं उरलं होतं.

भाऊ आत्याच्या पाया पडायला वाकले. ती मागे सरली. "उठ गा भुजंग. बकरीले मार, मले नोको." कुणीतरी हसलं. ते हसू फार वाईट होतं, मी ते अजून विसरले नाही.

रोशननं त्यानंतर किती तरी दिवस लॅपटॉप उघडला नाही. उघडला तेव्हा तो फक्त त्या फाटकावर बसला. खेळातल्या फाटकाला दोनच अवस्था, उघडं आणि बंद. त्यानं तिसरी घातली. कुंपणापलीकडे, जंगलाच्या हद्दीत कुणीही खेळाडू असेल तर ते फाटक बंदच होत नाही. कितीही बटण दाबा. मग त्यानं नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. कुठून कुठून लोकांनी तो उतरवून घेतला, कुपाटीची तारीफ केली. आणि तक्रारी आल्या, जंगलाकडचं फाटक बिघडलेलं आहे, बंद होत नाही, दुरुस्त करा. रोशननं सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, ते तसंच आहे.

गावातली ताटी तेवढ्यानं दुरुस्त होत नव्हती. सभा झाली. मी बोलले, आवाज चढवून बोलले. तार काढा. भाऊ म्हणाले, काढतो, माझ्या बांधीवर रोज रात्री कोण बसतं ते सांगा. कुणी हात वर केला नाही. सौरऊर्जेचं झटका मशीन आणायचं ठरलं, त्यानं जनावर मरत नाही, नुसतं पळतं. अर्ज गेला. ते अजून यायचं आहे. तोवर काय? तोवर, असं ठरलं, की तारेत वीज सोडायच्या आधी एक माणूस ताटीपाशी उभा राहील. भाऊ मोटरच्या खोलीतून विचारतील. ताटीवरचा माणूस हो म्हणेल तेव्हाच बटण. नुसत्या रिकाम्या खुंटावर आता कुणी जायचं नाही, माणूस घरी पोचल्याची खात्री करायची.

उभं राहायला कुणी पुढे येईना. मी म्हटलं, मी राहते.

घरी बाबा पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. वर पाहिलंच नाही. "तू तिथी हुबी राह्यली म्हनजे तारेची राखनदार झाली," म्हणाले. "उद्या कोनी मेलं तं तुह्या होकारानं मरन."

"आन नाई राह्यली तं?"

बाबांनी घडी घातली, दुसरा कागद घेतला. मी तार काढा असं लिहिते आणि संध्याकाळी तार लावायला परवानगी देते. यातलं एक सोडलं तर मी स्वच्छ होईन. पण मग ताटीपाशी पुन्हा फक्त खुंट उरेल.

आत्या यंदाही जाते. जाऊ नको म्हणायची सोय नाही, गवत जंगलातच आहे. डहाळी अजून बोरीचीच. झाड बदल म्हटलं तर म्हणाली, "मंग लोकाइले कसं समजन कोन हाये अंदर थे?" फक्त आता ती उंच खोचते, टाचा उचलून.

काल तिला उशीर झाला. बाकी सगळ्या डहाळ्या निघाल्या होत्या, एकटी बोर उरली होती. उजेड धानावरून सरकत सरकत जंगलात शिरला. भाऊंची हाक आली, "लावू काय वो पोरी?"

"नाई भाऊ. आत्या अंदर हाये."

थोड्या वेळानं पुन्हा, "लावू काय?"

"नाई."

मग खालच्या बांधीत धान हलला. वारा नव्हता. एका ओळीत लोंब्या बुडत गेल्या आणि दातांचा, चिखलाचा, घुसळण्याचा आवाज यायला लागला. भाऊ खोलीतून ओरडले, "उतरले ना बापा! डुक्कर उतरले! मागून अजून येऊन राह्यले! लावू दे!" त्यांचा आवाज फाटला होता. वर्षभराचं अन्न त्यांच्या डोळ्यांदेखत तुडवलं जात होतं आणि त्यांचा हात बटणावर होता. मी ताटी दोन्ही हातांनी धरली, उघडीच. आधी मी नुसती मान हलवत राहिले, अंधारात ती त्यांना दिसणार नव्हती हे कळत असूनही. मग ओरडले, "नाई! नाई!"

त्यांनी दाबलं नाही.

आत्या आली, भाऱ्याखाली वाकून. टाचा उचलल्या, डहाळी काढली, फेकली. बांधीतला आवाज ऐकला आणि ताटी ओलांडून उभी राहिली. मी तिचा हात धरून तिला धुऱ्यावर घेतलं, हात धरूनच हो म्हटलं. तोवर खालची बांधी संपली होती.

भाऊ कंदील घेऊन आले. तुडवलेल्या धानाकडे पाहत राहिले. आत्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

"उद्या इचारतो," ते म्हणाले. "परवाचं मले माहीत नाई."

आज सकाळी खुंटात पुन्हा बोरीची डहाळी आहे. हे लिहिता लिहिता ऊन कलायला लागलं आहे. बाहेर तो वास आहे, गोडसर, दुधाळ, कालच्यापेक्षा दाट. मी आज लवकर निघते.